साबणाची कुऱ्हाड

चिपळूणहून नाशिकला देवाला जाणारे पुष्कळ. मोसमात द्राक्षं खायला म्हणून जाणारेही कुणी कुणी निघतात. पण दगड शोधायला नाशिकला गेलेला माणूस आमच्या आळीत एकच, माझा थोरला भाऊ. आणि त्याच्याबरोबर गेलेली शहाणी मी.

"दगड बघायला एवढ्या लांब?" वहिनीने विचारलं. "मागच्या दारी चिऱ्यांची रास पडलीय, ती बघा बसून."

तिचे गुडघे एसटीच्या प्रवासाला तयार नव्हते आणि दादाला एकटं पाठवायला ती तयार नव्हती. पुस्तकात डोकं घातलं की दादाचं उतरायचं गाव मागे जातं, हा घरातल्या सगळ्यांचा अनुभव आहे. शेवटी माझा शिवणाचा क्लास आठवडाभर बंद ठेवून मी निघाले. अट मात्र घातली. आधी रामकुंडावर स्नान, काळारामाचं दर्शन, मग तुझे दगड.

हे वेड कसलं ते आधी सांगायला हवं. ही नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. दादा आमच्या गावच्या शाळेत इतिहास शिकवायचा. दर जूनला पहिला धडा आदिमानवाचा. त्यात हातकुऱ्हाडीचं चित्र असतं (दांडा नसलेली, मुठीत धरून वापरायची दगडी कुऱ्हाड). चित्रावरून मुलांना काही कळेना, म्हणून नोकरीच्या सुरुवातीलाच त्याने धुण्याच्या साबणाची वडी चाकूने तासून एक कुऱ्हाड केली. ती वर्गात या हातातून त्या हातात फिरायची. एक झिजली की दुसरी. एक तर शाळेच्या कपाटात उंदरांनी खाल्ली. आणि दर वर्षी कुणी तरी विचारायचंच, "सर, खरी कशी असते?" दादाला ते सांगता यायचं नाही. खरी त्याने हातात कधी धरलीच नव्हती, संग्रहालयात काचेपलीकडे पाहिली होती तेवढीच. एप्रिलअखेर तो निवृत्त होणार होता. त्याआधी एकदा खरी हातकुऱ्हाड मुलांच्या हातात द्यायची, एवढं एकच त्याच्या मनाने घेतलं होतं. नाशिकजवळ गंगापूरला गोदावरीच्या काठच्या दगडगोट्यांत तशी अवजारं सापडली आहेत, हे त्याने वाचून ठेवलं होतं.

माघ संपत आला होता. कुंभार्ली घाट चढून आम्ही देशावर आलो, पुण्याला गाडी बदलली. नारायणगाव, संगमनेर मागे पडली तशी खिडकीतून येणारी हवा कोरडी झाली आणि माझे ओठ फुटायला लागले. दादाने सोबत साबणाची कुऱ्हाड घेतली होती, रुमालात गुंडाळून. खरी सापडली की ताडून बघता यावी म्हणून. साबणाचा वास बाकभर पसरला होता. शेजारी सिन्नरला उतरणाऱ्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी बराच वेळ कळ काढली, मग विचारलंच.

"भाऊ, काय हाय त्यात?"

दादाने मोठ्या कौतुकाने रुमाल सोडून दाखवला. बाईंनी कुऱ्हाड पाहिली, दादाला पाहिलं, मग मला.

"धुणं धुवायला नाशिकला चालले का काय?"

मी इतकी हसले की पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. दादाने रुमाल पुन्हा बांधला आणि सिन्नर येईपर्यंत बाहेर बघत बसला.

नाशिकला उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. स्टँडवर रिक्षावाल्याने विचारलं, "गंगेवर जायचं का?" दादा गोंधळला. "नाही हो, गोदावरीवर." रिक्षावाला हसला. इथे गोदावरीला गंगाच म्हणतात. धुणं घेऊन जायचं ते गंगेवर, भाजी आणायला जायचं तेही गंगेवर. दादाला हे फार आवडलं. कोकणी माणूस नदीला नुसती नदी म्हणतो, फार तर पूर आला की चार शिव्या देतो.

सकाळी रामकुंडावर स्नान उरकलं. पाणी गार होतं आणि मनाजोगतं स्वच्छ नव्हतं, पण डोळे मिटले की झालं. काळारामाचं दर्शन छान झालं. मग मिसळ खाल्ली. वेगळ्या वाटीत रस्सा, वर पापड, बाजूला दही. कोकणातल्या जिभेला तो रस्सा अंमळ जडच गेला. दादाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी त्याचं "नदीकाठचे थर म्हणजे काय" हे चालूच होतं. माझी अट पुरी झाली होती, आता माघार नव्हती.

गंगापूरची बस पकडून सोमेश्वरच्या पुढे आलो. शहर मागे राहिलं, दोन्ही बाजूंना द्राक्षबागा लागल्या. गावात उतरून पायवाटेने नदीकडे गेलो. पाणी कमी होतं. पलीकडच्या काठाची दरड उभी कापल्यासारखी दिसत होती. वर काळी माती, तिच्याखाली पिवळी, आणि तळाशी गोल गुळगुळीत गोट्यांचा जाड थर, चिवड्यात शेंगदाणे बसावेत तसा घट्ट बसलेला. दादा तिथेच थांबला. टोपी काढून त्याने हातात घेतली.

"शालू, हा तळाचा थर नदीने घातला तेव्हा आपल्यासारखी माणसं इथे नव्हती."

"मग कशी होती?"

या प्रश्नाची तो वाटच बघत होता. "आधी माणूस दोन पायांवर उभा राहिला. डोकं मोठं व्हायच्या कितीतरी आधी. तिकडे आफ्रिकेत. उभं राहिलं की हात मोकळे होतात, आणि मोकळे हात स्वस्थ बसतात का? तूच बघ, टीव्हीपुढे बसलीस तरी तुझ्या हातात काजं-बटणं असतात. तसं कुणाच्या तरी हाताने एका दगडावर दुसरा दगड मारला. ढलपी निघाली, धार आली. त्या धारेनं कातडं कापता आलं, हाडं फोडता आली, कंदमुळं उकरता आली. खाणं सुधारलं, डोकं वाढलं. पुढे पिढ्यान्‌पिढ्या सरकत सरकत ती माणसं इथवर आली आणि या काठाला बसून हातकुऱ्हाडी करायला लागली."

"म्हणजे ते आपले पूर्वज."

"पूर्वज की पूर्वजांचे चुलते, यावर अजून वाद आहे."

"चुलत घराणं म्हटल्यावर वाद आलाच."

"चेष्टा करू नकोस. या उभं राहण्याची खरी शिक्षा तुम्हा बायकांना झाली. उभं राहिलं तशी कंबर अरुंद झाली, आणि पोराचं डोकं तर मोठं झालं. म्हणून माणसाचं बाळंतपण अवघड, असं म्हणतात. गाय एकटी विते, बाईला कुणी तरी जवळ लागतं. आणि पोरही कच्चंच जन्माला येतं. वासरू तासाभरात उभं राहतं, आपल्याला मान धरायला महिने लागतात."

माझी दोन्ही बाळंतपणं मला आठवली, आणि दोन्ही वेळी उशाशी बसलेली आई.

मग शोध सुरू झाला. दादा वाकून वाकून गोटे बघत होता. दर थोड्या वेळाने त्याची आरोळी यायची, मी धावत जायचे, आणि तो म्हणायचा, "नाही, पाण्यानेच फुटलाय." शेजाऱ्यांचा कॅमेरा मागून आणला होता. संशय आलेल्या प्रत्येक दगडाचा त्याने फोटो काढला. दुपार व्हायच्या आत रोल संपला. त्याच सुमाराला माझ्या चपलेचा अंगठा तुटला. नदीतले गोटे अनवाणी तुडवत मी काठावर आले आणि समोर दिसलेल्या द्राक्षबागेच्या बांधावर जाऊन बसले.

"काय हरवलंय का नदीत?"

हिरव्या नऊवारीतल्या एक म्हाताऱ्या बाई बागेतून बाहेर आल्या होत्या. मी सांगितलं, हरवलं नाही, शोधतोय. काय शोधतोय तेही सांगितलं. त्यांनी एकदा नदीत ओणवा झालेल्या दादाकडे पाहिलं, एकदा माझ्या पायांकडे.

"कोन्या गावच्या?"

"चिपळूणच्या."

"लय लांबून आल्या बाई. हाक मारा त्यांना. भाकर खाऊन घ्या, दगड कुठं पळून जात नाय."

त्यांचं नाव यमुनाबाई. बागेच्या टोकाला त्यांचं घर, दारात पाण्याचा सिमेंटचा हौद, हौदाभोवती चिखल होऊ नये म्हणून नदीतले गोटे पसरलेले. त्यांचा मुलगा किसन मळ्यातून जेवायला येत होता. सून सुनंदा आतल्या खोलीत बाळंतीण.

"तुम्हाला चालंल ना?" ताट मांडताना यमुनाबाईंनी विचारलं. "घरात सुवेर हाय (बाळंतपणाचा विटाळ)."

"मास्तराला सगळं चालतं," दादा म्हणाला. भूक लागली की तो फार सुधारक होतो.

बाजरीची गरम भाकरी, उडदाची डाळ, ठेचा आणि घडभर द्राक्षं. आम्हा भातखाऊ माणसांना बाजरीची भाकरी मोडायचीही नीट सवय नाही, पण त्या दिवशी मी तीनदा वाढून घेतलं. जेवताना यमुनाबाई म्हणाल्या, "आज पाचवी हाय नातीची. सटवाईबाईंची आंघोळ सकाळीच झाली. वाळत बसल्यात भाईर." मला वाटलं, सटवाईचा चांदीचा टाक असेल, घासून उन्हात ठेवला असेल. आमच्याकडे पाचवीला पाट्यावर हळदकुंकू वाहून काम भागतं.

दादा हात धुवायला उठला तेव्हा यमुनाबाई माझ्याकडे सरकल्या आणि आवाज उतरवून बोलल्या.

"पहिल्या येळेला दवाखान्यात व्हती ती. तिथं कुठली पाचवी. लेकरू राह्यलं नाय. डाक्टर म्हनले, कमी दिसाचं व्हतं. आसंल. डाक्टर काय खोटं बोलतो का. पन पोरीच्या मनात बसलं ना ते. म्हनून या टायमाला मी म्हनलं, दवाखाना बी व्हऊ द्या आन्‌ पाचवी बी व्हऊ द्या."

हे मला अगदी पटलं. मी असते तर हेच केलं असतं.

तेवढ्यात बाहेरून दादाचा आवाज आला. "किसनराव, हे हौदाभोवतीचे गोटे कुठले?"

"गंगेतले," किसन आतूनच ओरडला. त्याच्या तोंडात भाकरी होती.

"यातला एक नेला तर चालेल का?"

"एक काय मास्तर, ट्रॅक्टर भरून न्या!"

दादा आत आला तो चेहरा वेगळाच घेऊन. पिशवी त्याने छातीशी धरली होती. तो मला म्हणाला, "निघू या आपण." यमुनाबाईंनी माझ्या चपलेला तार बांधून दिली, ओटीत द्राक्षं घातली, आणि आम्ही गावाकडे चालू लागलो. बांध ओलांडेपर्यंत दादाने दम धरला. मग त्याने पिशवीत हात घातला.

मला दगडांतलं काही कळत नाही. पण ही वस्तू कुणी तरी केलेली आहे, हे मलासुद्धा दिसलं. काळसर, तळहाताहून थोडी मोठी. दोन्ही अंगांनी ढलप्या काढल्याचे खळगे, ते दोन्हीकडून येऊन कडेला मिळालेले, खाली निमुळतं टोक. वरची बाजू जाड आणि गोल. दादाने ती माझ्या हातात दिली. बोटं आपोआप वळली आणि अंगठा एका खळग्यात जाऊन बसला.

"अंगठ्याला जागा आहे," मी म्हटलं.

"आहे ना?" दादाचा आवाज फुटला. "मला तीस वर्षं माहीत नव्हतं, शालू. चित्रात ते दिसतच नाही."

माझ्या भावाला इतकं सुखी मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. रस्त्याने तो एकटाच बोलत होता. कुठल्या वर्गाला आधी दाखवायची, कुणाच्या हातात आधी द्यायची, सगळं ठरवून झालं.

थांब्यावर चहाची टपरी होती. चहा सांगून बसलो तोच मोटारसायकलवरून किसन आला. आम्हाला बघून त्याने हात केला, पण हसला नाही. टपरीच्या शेजारच्या दुकानातून त्याने नारळ आणि विड्याची पानं घेतली.

"काय झालं हो?" मी विचारलं.

"काय नाय ताई, घरात रडारड चाललीय. सटवाईच सापडंना."

"टाक हरवला?"

"टाक कुठला, दगड हाय आमचा. आईनं सकाळी धुतला, हौदाच्या कठड्यावर वाळत ठेवला. आता नाय. आमच्या घरात जेवढी पोरं झाली, माझ्यासकट, सगळ्यांची पाचवी त्याच्यावर झाली. नुसती पहिल्या लेकराची राह्यली व्हती. आता सुनंदा काय ऐकती का?" त्याने तळवा पसरून दाखवला. "येवढाच. काळा. खाली टोक, वर अंगठा बसंल आसा."

दादाच्या हातातला चहाचा ग्लास तसाच राहिला. किसनला काहीच संशय नव्हता. नदीतल्या गोट्यांपैकी एक मास्तरांनी नेला, एवढंच त्याला ठाऊक होतं, आणि तोसुद्धा त्याने पाहिला नव्हता. कठड्यावरून घसरून सटवाईबाई गोट्यांत पडल्या होत्या आणि दादाने त्यांना तिथून उचललं होतं.

नाशिकची बस आली. कंडक्टरने दार उघडलं. मी दादाकडे बघितलं. तो दगड त्याने मागून घेतला होता, चोरला नव्हता. त्याच्या सगळ्या नोकरीत त्याने एवढी एकच गोष्ट स्वतःसाठी मागितली होती.

"येताय का?" कंडक्टर ओरडला.

"नाही," दादा म्हणाला. "जाऊ द्या बस."

मग त्याने पिशवीतून दगड काढला आणि दोन्ही हातांनी किसनपुढे धरला. किसनचा आ वासला. "आयला!" तो म्हणाला, मग चटकन चप्पल काढून त्याने दगडाला हात लावला आणि तो कपाळाला नेला.

"किसनराव, मला परत घेऊन चला. आईंना मीच देतो."

एका मोटारसायकलवर आम्ही तिघं गेलो. पुढे किसन, मागे दादा, सगळ्यात शेवटी मी, एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात तार बांधलेली चप्पल. मधे सटवाई.

यमुनाबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. समोर अर्धं घर उपसून पडलेलं. आतून सुनंदाचे हुंदके ऐकू येत होते. दादा त्यांच्यापुढे, गृहपाठ विसरलेला पोर उभा राहावा तसा उभा राहिला. "मावशी, माझ्याकडे होती. मला कळलं नाही." बाकीचं किसनने सांगितलं.

यमुनाबाईंनी दगड घेतला, पदराने पुसला. आधी आत जाऊन सुनंदाला दाखवून आल्या. हुंदके थांबले. मग बाहेर येऊन दादाकडे बघून त्या हसायला लागल्या.

"घाबरता कशाला मास्तर? ती काय हरवली नव्हती. तुमच्यासंगं फिरायला गेली व्हती."

मग त्यांनी आम्हाला बसवून घेतलं. त्यांना एकच कोडं पडलं होतं, एवढ्या गोट्यांतून हाच कसा उचलला. दादाने सांगितलं. नदीवर मला सांगितलं होतं तेच, पण आता थांबत थांबत आणि हळू. हा दगड माणसाच्या हाताने घडवलेला आहे, ती माणसं फार फार जुनी, शेती नव्हती, घरं नव्हती, तेव्हाची. यमुनाबाई दगड मांडीवर घेऊन ऐकत होत्या.

"म्हंजे ही आपोआप झालेली नाय?"

"नाही."

"बाईनं केली का बाप्यानं?"

दादा थबकला. "ते कुणालाच माहीत नाही, मावशी."

"बाईनंच केली आसंल," त्या म्हणाल्या. "मला सासूनं दिली. तिला तिच्या सासूनं. ही कधी बाप्याकडून आलीच नाय."

त्याने कधी नव्हे तो मान डोलावली. मग म्हणाला, एक फोटो काढू का? आणि लगेच त्याला आठवलं की रोल पाण्याने फुटलेल्या दगडांवर खर्ची पडला आहे. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. यमुनाबाईंनी ते पाहिलं असावं. "आत न्यायच्या आधी येकदा धरून घ्या नीट," त्या म्हणाल्या आणि दगड त्याच्या हातात ठेवला.

दादाने डोळे मिटले. अंगठा खळग्यात बसवला, बोटं एकेक करून फिरवली, उलटा केला, पुन्हा धरला. मग खिशातून साबणाची कुऱ्हाड काढून शेजारी ठेवली. ती पानासारखी चपटी होती. अंगठ्याला जागा नव्हती, मुठीला जाडी नव्हती. यमुनाबाईंनी तिचा वास घेतला.

"ही कोन? हिची बहीन का?"

"धाकटी," दादा म्हणाला. "जरा चुकलेली."

दिवेलागणीला पूजा मांडली. पुरुष बाहेर थांबले, मला आत बोलावलं. पाट्यावर दगड, त्याला हळदकुंकू, शेजारी इळा (विळा), घुगऱ्या, दिवा आणि कोरा कागद. सुनंदाचं तोंड अजून रडून सुजलेलं होतं, पण ती बाळाला पदराखाली घेऊन सावरून बसली होती. बाळ म्हणजे मूठभर लाल जीव. मान तर नव्हतीच. मला दादाचं नदीवरचं बोलणं आठवलं, बाईला कुणी तरी जवळ लागतं ते. यमुनाबाईंचा हात सुनंदाच्या पाठीवर होता.

"पेन राह्यलं की," यमुनाबाई म्हणाल्या. "सटवाई नशीब ल्हील कशानं? किसनचं पेन तर मधीच अडकतं." मग त्या दाराशी गेल्या. "मास्तर, तुमचं द्या. मास्तरच्या पेनानं अक्षर तरी चांगलं पडंल."

बाहेरून दादाचा संकोचलेला आवाज आला. "त्यात लाल शाई आहे मावशी. वह्या तपासायचं आहे ते."

"लाल तर लय चांगली."

मी बाहेर जाऊन पेन आणलं. माझ्या ओळखीचंच होतं ते, जाडजूड, टोपणाला दातांच्या खुणा असलेलं. आमच्या गावातल्या किती पोरांच्या चुकांखाली त्याने रेघा ओढल्या असतील. यमुनाबाईंनी ते कागदावर ठेवलं, दगडाच्या टोकाला लागून. दिव्याच्या उजेडात दोन्ही टोकं एकाच बाजूला झाली होती. मी हात जोडले. माझा सटवाईवर विश्वास आहे की नाही ते मला सांगता येणार नाही, पण त्या पोरीसाठी मी मनापासून मागितलं.

पेन सकाळपर्यंत हलवायचं नसतं. दादा म्हणाला, राहू दे, तिचंच झालं ते. द्राक्षांच्या पेट्या घेऊन शहरात निघालेल्या टेंपोत किसनने आम्हाला बसवून दिलं. अवजार आणायला गेलेला माणूस खिशातलं अवजार ठेवून परत निघाला होता, आणि वाटेत चक्क गुणगुणत होता. मी विचारलं, "वाईट नाही वाटत?" तो म्हणाला, "वाटतं की. पण काचेपलीकडची मी खूप पाहिली, शालू. कामात असलेली पहिल्यांदा पाहिली."

चिपळूणला आल्यावर त्याने धुण्याच्या साबणाची जाडजूड वडी आणली आणि ओटीवर तासत बसला. पुन्हा पुन्हा डोळे मिटून अंगठा बसवून बघायचा. वहिनी म्हणाली, नाशिकहून आणलं काय तर हे. मी तिला द्राक्षं दिली, म्हणजे प्रवासात चेंगरून जी उरली होती ती.

एप्रिलमध्ये शाळेने निरोपाचा कार्यक्रम ठेवला. आम्हा घरच्यांना बोलावणं होतं. दादाने आधी शेवटचा तास घेतला, तोही आदिमानवाचाच, आणि वहिनी आणि मी वर्गाच्या दाराशी उभ्या राहिलो. साबणाची नवी कुऱ्हाड बाकाबाकांवरून फिरत होती. ज्याच्या हातात जाई त्याचा अंगठा न सांगता खळग्यात जाऊन बसे, आणि तो शेजारच्याला दाखवी. माणूस इतक्या लांबून चालत आला, पण हात तोच राहिला, असं मला ते बघताना वाटलं. मग कोपऱ्यातली दोन वेण्यांची मुलगी उभी राहिली आणि तिने दर वर्षीचा प्रश्न विचारला.

"सर, खरी कशी असते?"

"अश्शीच," दादा म्हणाला. हे त्याला पहिल्यांदाच छातीठोकपणे सांगता आलं.

"मग ती आणली का नाही?"

दादाने हातातला खडू खाली ठेवला. "मी आजपासून रिटायर, बाळा," तो म्हणाला. "ती अजून कामावर आहे."